चढताना दुखते की उतरताना?

गुडघेदुखीचे मूळ गुडघ्यातच असते असे नाही. ते शोधताना फिजिओथेरपिस्टच्या यंत्रांपेक्षा त्याची विचारपद्धती अधिक मोलाची ठरते.

विशेष प्रतिनिधी

अष्टविनायकांपैकी डोंगरावर वसलेले एकमेव स्थान, अशी लेण्याद्रीची ओळख आहे. जुन्नरपासून काही किलोमीटरवर, कुकडी नदीच्या खोऱ्यात, सुमारे तीस बौद्ध लेण्यांची रांग कड्यात कोरलेली आहे. त्यांतील सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे दर्शन घडते. मात्र त्यासाठी तीनशेच्या घरातील दगडी पायऱ्या चढाव्या लागतात आणि तेवढ्याच उतराव्याही लागतात. अष्टविनायक यात्रेला निघालेल्या अनेकांना आपल्या गुडघ्यांची पहिली ओळख होते ती येथेच.

हे साहजिकही आहे. बर्लिन येथील संशोधकांनी रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात भार मोजणारी यंत्रणा बसवून केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना सव्वातीन पट आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट भार येतो, असे त्यात दिसून आले. म्हणजे साठ किलो वजनाची व्यक्ती पायरी उतरते, तेव्हा तिच्या गुडघ्यावर क्षणभर दोनशे किलोंहून अधिक भार पडतो.

तथापि, पायऱ्यांवर पाय दुखला म्हणजे गुडघा बिघडला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. त्याच पायऱ्यांवर दुखण्याची पाच-सहा वेगवेगळी कारणे असू शकतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. काही कारणे तर गुडघ्यापासून बरीच दूर असतात. ही कारणे एकमेकांपासून वेगळी कशी करायची, याचे एक शास्त्र गेल्या काही दशकांत भौतिकोपचाराच्या क्षेत्रात विकसित झाले आहे. ‘क्लिनिकल रीझनिंग’ या नावाने ते ओळखले जाते. रुग्णाने सांगितलेले, तपासताना दिसलेले आणि अभ्यासातून ठाऊक असलेले यांची सांगड घालून निष्कर्षापर्यंत जाण्याची पद्धत म्हणजे क्लिनिकल रीझनिंग होय.

एक तक्रार, अनेक वाटा

समजा, एकाच दिवशी चार जण फिजिओथेरपिस्टकडे आले आणि चौघांचीही तक्रार एकच आहे : ‘लेण्याद्रीला गेल्यापासून पाय दुखतो.’

पहिली पंचविशीतील तरुणी. तिला उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखते. बसमध्ये दोन-तीन तास गुडघे दुमडून बसल्यावर उठतानाही दुखते. हे वर्णन वाटी आणि तिच्यामागील मांडीचे हाड यांच्यातील सांध्याकडे बोट दाखवते. येथे मांडीच्या व खुब्याच्या स्नायूंची ताकद, पायरी उतरताना गुडघा आत वळतो का आणि अलीकडे चालण्या-धावण्याचे प्रमाण एकाएकी वाढले का, हे पाहावे लागते.

दुसरे पासष्टीचे गृहस्थ. त्यांना चढताना फारसा त्रास झाला नाही. उतरताना मात्र दोन्ही पाय जड झाले, पोटऱ्यांत मुंग्या आल्या आणि पायरीवर बसल्यावर बरे वाटले. येथे संशय कमरेच्या मणक्यातील अरुंद झालेल्या मार्गिकेचा. चढताना माणूस सहज पुढे झुकतो. त्या स्थितीत मणक्यातील मार्गिका थोडी मोकळी होते आणि नसांवरील दाब कमी होतो. उतरताना पाठ ताठ होते, किंचित मागे जाते आणि दाब वाढतो. अशा रुग्णाला नुसते उभे राहून आराम पडत नाही; त्याला बसावे किंवा वाकावे लागते.

तिसरे त्यांच्याच वयाचे, अनेक वर्षे तंबाखूचे व्यसन असलेले मधुमेही. त्यांचे नेमके उलटे आहे. चढताना पोटरीत गोळा येतो. दोन-चार मिनिटे नुसते उभे राहिले, की तो जातो. पुन्हा चढू लागले, की पुन्हा येतो. हे लक्षण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे असू शकते. पावलावरील आणि घोट्यामागील नाडी लागते का, पायाची त्वचा थंड आहे का, हे तपासण्यास फार वेळ लागत नाही. पण ते सुचले पाहिजे. या रुग्णाच्या गुडघ्याला महिनाभर शेक देत राहिले, तर मूळ दुखण्याला हातही लागणार नाही.

चौथी पन्नाशीची शेतकरी महिला. दुखणे गुडघ्याच्या पुढच्या बाजूला सांगते. पण मांडी घालून बसता येत नाही, पायाच्या बोटांची नखे कापताना त्रास होतो आणि जांघेतही अधूनमधून दुखते, असे विचारल्यावर सांगते. येथे गुडघ्याआधी खुबा तपासला पाहिजे. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवणे ही वैद्यकशास्त्रातील जुनी व परिचित गोष्ट आहे. लंगडणारे आणि गुडघा दुखतो म्हणणारे मूल आले, तर त्याचा खुबा तपासल्यावाचून सोडू नये, असे विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवले जाते ते याचमुळे.

चौघांचे वर्णन येथे मुद्दाम ठळक केले आहे. प्रत्यक्षात एकाच व्यक्तीत दोन दुखणी एकत्र नांदतात आणि झिजलेला गुडघा चढताना व उतरताना दोन्ही वेळी दुखू शकतो. ‘चढताना की उतरताना?’ हा प्रश्न निदान करीत नाही. पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे तो ठरवतो.

रुग्णाचे शब्द

तपासणी सुरू होते ती हात लावल्यावर नव्हे, ऐकू लागल्यावर. याबाबतीत मराठी भाषा चांगली साथ देते. ठणका, कळ, चमक, जळजळ, मुंग्या, बधिरपणा, ओढ हे सारे शब्द ‘दुखणे’ या एका शब्दात कोंबण्यासारखे नाहीत. कमरेतून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी कळ आणि तिच्यासोबतच्या मुंग्या नसेकडे निर्देश करतात. रात्रभर चालणारा ठणका व सांधा गरम लागणे, हे दाहाचे किंवा जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. ‘गुडघा अडकतो’ म्हणजे सांध्यात खरोखर काही मध्ये येते की सकाळी तो आखडलेला असतो? ‘पाय दगा देतो’ म्हणजे अस्थिबंध सैल झाला आहे, की वेदनेमुळे स्नायू क्षणभर सुटतात? रुग्ण एक शब्द वापरतो. त्याचा अर्थ त्याच्याकडूनच उलगडून घ्यावा लागतो.

दुखणे कधी व कसे सुरू झाले, कशाने वाढते, कशाने कमी होते, चोवीस तासांत ते कसे बदलते, आधी असे झाले होते का, हे प्रश्न ठरावीक वाटतात. त्यामागे प्रत्येक वेळी एखादी शक्यता बळकट किंवा दुबळी होत असते. सकाळी उठल्यावरचा आखडलेपणा अर्ध्या तासात गेला, तर झीज अधिक संभवते. तासाहून अधिक राहिला आणि हाताची बोटेही आखडली, तर संधिवाताच्या दाहक प्रकाराचा विचार करून डॉक्टरांकडे पाठवणे इष्ट.

रुग्णाचे काम काय, हेही येथेच विचारले पाहिजे. जुन्नर आणि आंबेगाव हे शेतीचे तालुके. टोमॅटोच्या तोडणीत दिवसभर वाकून राहणारी मजूर महिला, पश्चिम भागात भातलावणीच्या चिखलात उभी राहणारी महिला, हिरडा वेचण्यासाठी डोंगर चढणारे आदिवासी कुटुंब आणि पुण्यात संगणकासमोर बसणारा नोकरदार यांना ‘विश्रांती घ्या’ हा एकच सल्ला देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या वर्गीकरणात हाच दृष्टिकोन आहे. शरीराच्या कोणत्या भागात बिघाड आहे एवढेच न पाहता त्या व्यक्तीला कोणती कामे करता येत नाहीत आणि तिच्या भोवतालची परिस्थिती कशी आहे, हेही नोंदवावे, असे ते सांगते.

चाचणी म्हणजे निकाल नव्हे

बोलणे संपेपर्यंत कुशल फिजिओथेरपिस्टच्या मनात तीन-चार शक्यतांची यादी तयार असते. त्यानंतरच्या हाताने करावयाच्या चाचण्या ही यादी छाटण्यासाठी असतात. पुस्तकातील सगळ्या चाचण्या एकामागून एक करीत गेल्यास कोणती ना कोणती चाचणी दुखतेच आणि गोंधळ वाढतो.

शिवाय प्रत्येक चाचणीचे वजन सारखे नसते. कमरेतून पायात कळ जात असेल, तर रुग्णाला उताणे झोपवून पाय सरळ वर उचलण्याची चाचणी सर्रास केली जाते. तीत कळ आली, की ‘गादी सरकली’ असे अनेकदा सांगितले जाते. या चाचणीवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हे अभ्यास प्रामुख्याने शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांवरील होते. गादीने नस खरोखर दाबली गेलेल्या शंभरांपैकी ९२ जणांत ही चाचणी दुखरी आढळली. परंतु तसे नसलेल्या शंभरांपैकीही ७२ जणांत ती दुखरीच निघाली. याचा अर्थ असा, की चाचणीत काहीच दुखले नाही, तर नस दबल्याची शंका कमी होते. दुखले, तर मात्र फारसे काही सिद्ध होत नाही. याउलट न दुखणारा पाय उचलला असता दुखऱ्या पायात कळ आली, तर ती खूण क्वचित मिळते. पण मिळाली, की तिचे मोल मोठे असते.

काही वेळा अशा खुणांचा शिस्तबद्ध संच करून निर्णयाचे नियमच तयार झाले आहेत. पायरीवरून घसरून गुडघ्याला मार लागला, तर एक्स-रे काढायचा की नाही, यासाठी कॅनडातील ओटावा येथे तयार झालेला नियम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. वय ५५ किंवा अधिक; केवळ वाटीवर दाबल्यावर दुखणे; गुडघ्याच्या बाहेरील बाजूच्या हाडाच्या टोकावर दुखणे; गुडघा काटकोनापर्यंत न वाकणे; आणि मार लागल्यावर लगेच तसेच तपासणीच्या वेळी चार पावलेही टाकता न येणे. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर हाड मोडले असण्याची शक्यता फारच कमी असते.

तपासणीचा एक भाग मात्र उपचारानंतर होतो आणि तोच अनेकदा राहून जातो. ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी आपल्या पद्धतीत त्यावर मोठा भर दिला होता. उपचारापूर्वी रुग्णाला दुखणारी एखादी हालचाल निवडायची, उदाहरणार्थ एक पायरी उतरणे. उपचार करायचा आणि लगेच तीच हालचाल पुन्हा करून पाहायची. फरक पडला, तर विचार बहुधा योग्य दिशेने चालला आहे. चार-पाच भेटींतही काहीच फरक नसेल, तर यंत्र बदलण्याऐवजी निदानाचाच पुन्हा विचार करायला हवा.

चित्रात दिसले म्हणून…

‘एमआरआयमध्ये सगळे स्पष्ट दिसेल,’ ही समजूत शहरात जितकी पक्की आहे, तितकीच ती आता तालुक्याच्या गावीही रुजली आहे. मात्र न दुखणाऱ्या माणसांची चित्रे काढली, तेव्हा काय दिसले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या आणि एक्स-रेमध्ये झीज नसलेल्या ७१० जणांच्या गुडघ्यांचा एमआरआय काढण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८९ टक्के जणांत काही ना काही दोष दिसला आणि गुडघा दुखणाऱ्या व न दुखणाऱ्या गटांत हे प्रमाण जवळपास सारखेच होते. कमरेच्या बाबतीतही २०१५ च्या एका आढाव्यात पाठदुखी नसलेल्या विशीतील व्यक्तींपैकी ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरातील व्यक्तींपैकी ९६ टक्के जणांत मणक्याच्या गाद्यांची झीज आढळली.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. अस्थिबंध तुटला असल्याचा संशय असेल, गाठ किंवा क्षयरोगाची शंका असेल, नसेवरील दाबामुळे पायाची ताकद जात असेल, तर तो वेळेवर काढलाच पाहिजे. पण प्रश्न ठरल्याशिवाय काढलेले चित्र उत्तराऐवजी नवी चिंता हाती देते. ‘गुडघे संपले’ हे शब्द ऐकलेला माणूस चालणेच सोडतो. चालणे सुटले, की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि दुखणे खरोखर वाढते. रोजंदारीवरील माणसाला त्यासाठी एक-दोन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्चही सोसावा लागतो.

मनाचे चकवे

एवढे सारे ठाऊक असूनही चुका का होतात? अमेरिकेतील आर्थर एल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर निदान कसे करतात, याचा अभ्यास करून १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. अनुभवी आणि नवखे दोघेही अगदी सुरुवातीलाच काही शक्यता मनात धरतात आणि मग त्या तपासतात, असे त्यात दिसले. फरक असतो तो त्या विषयाच्या ज्ञानाचा व ते मनात कसे रचले आहे याचा. सुरुवातीला अंदाज बांधणे हा दोष नाही. त्या अंदाजाला चिकटून राहणे हा दोष आहे.

पहिली शक्यता सुचली, की मन तिला अनुकूल पुरावेच गोळा करू लागते. ‘लेण्याद्रीला गेल्यापासून’ हे शब्द कानावर पडताच पायऱ्या आणि गुडघा यांची जोडी जमते. रक्तवाहिन्यांचा प्रश्न मग विचारलाच जात नाही. गेल्या आठवड्यात खुब्याचा एक रुग्ण निदानातून निसटला असेल, तर या आठवड्यात प्रत्येकाचा खुबाच दुखतो आहे, असे वाटू लागते. सोबत आलेल्या कागदावर ‘गुडघ्याची झीज’ असे लिहिलेले असेल, तर त्यापलीकडे पाहण्याचे धाडस नवख्याला होत नाही.

यावरचे उपाय साधे असले, तरी शिस्त मागणारे आहेत. हात लावण्यापूर्वी किमान तीन शक्यता कागदावर लिहिणे. ‘माझा अंदाज चुकीचा असेल, तर मला काय दिसले पाहिजे?’ हा प्रश्न स्वतःला विचारणे. शिकणाऱ्याने आपला विचार मोठ्याने बोलून दाखवणे, म्हणजे ज्येष्ठांना त्यातील सुटलेली कडी सापडते. आणि महिन्याभराने त्या रुग्णाचे पुढे काय झाले, याचा माग घेणे. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. न परतलेला रुग्ण बरा झाला, असे समजणे सोयीचे असते. तो कदाचित दुसरीकडे गेलेला असतो.

शेक देण्यापासून विचार करण्यापर्यंत

या विषयाचे महत्त्व वाढण्यास इतिहासही कारणीभूत आहे. आपल्याकडे भौतिकोपचाराच्या शिक्षणाचा पाया पन्नासच्या दशकाच्या आरंभी मुंबईत, केईएम रुग्णालयात घातला गेला. पोलिओच्या साथीची त्याला पार्श्वभूमी होती. १९५५ मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्या काळात निदान डॉक्टर करीत आणि चिठ्ठीवर लिहिलेला शेक किंवा व्यायाम देणे हे फिजिओथेरपिस्टचे काम मानले जाई.

ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक संघटनेने १९७६ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट काढून टाकली. रुग्ण थेट येऊ लागले, तसा ‘हे माझ्या कक्षेतील आहे का?’ हा प्रश्नही थेट समोर उभा राहिला. मार्क जोन्स यांच्यासारख्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी क्लिनिकल रीझनिंगचा पाठपुरावा केला, त्याला ही पार्श्वभूमी आहे. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची तरतूद झाली आणि नोंदणीची चौकट आली. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आता तालुक्याच्या ठिकाणीही रुग्ण अनेकदा सरळ फिजिओथेरपिस्टचे दार ठोठावतात. अधिकार वाढला, तशी तपासणीची जबाबदारीही वाढली आहे.

या जबाबदारीची सर्वांत महत्त्वाची कसोटी म्हणजे उपचार न करता रुग्णाला पुढे पाठवण्याचा निर्णय. लांबच्या बसप्रवासानंतर एकच पोटरी सुजली, गरम लागते व दुखते आहे, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिला मालिश करणे धोक्याचे. पायऱ्या चढताना डाव्या खांद्यात किंवा जबड्यात दुखते आणि थांबल्यावर राहते, तर तो खांद्याचा नव्हे, हृदयाचा प्रश्न असू शकतो. पाठदुखीबरोबर वजन घटणे व संध्याकाळचा ताप असेल, तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार व्हायलाच हवा. लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, ही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत.

रुग्णाने काय पाहावे?

तपासणी चांगली झाली की नाही, हे रुग्णालाही बऱ्याच अंशी ओळखता येते. यंत्र लावण्यापूर्वी आपले म्हणणे पुरते ऐकून घेतले का? दुखऱ्या भागाच्या वरचा व खालचा सांधा, पाठ आणि चालणे पाहिले का? आपल्याला जी हालचाल दुखते, ती प्रत्यक्ष करून पाहायला लावली का? काय झाले असावे आणि ते तसे का वाटते, हे समजेल अशा भाषेत सांगितले का? किती दिवसांत किती फरक अपेक्षित आहे आणि तो न पडल्यास पुढे काय, हे ठरले का? पदवी आणि नोंदणी विचारण्यातही संकोच नसावा.

रुग्णानेही थोडी तयारी करून जावे. दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते व कशाने थांबते, कोणती औषधे चालू आहेत, मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन आहे का, हे एका कागदावर लिहून न्यावे. जुने अहवाल सोबत असावेत. मात्र ते आपली हकीकत सांगून झाल्यावर दाखवलेले बरे. पायऱ्यांवर पाय दुखला असेल, तर चढताना दुखला की उतरताना, आणि बरे वाटायला बसावे लागले की नुसते उभे राहणे पुरले, एवढे तरी आठवून ठेवावे. निदानाची अर्धी वाट त्या उत्तरातच असते.